खोक्यातल्या दहा वह्या

१

"सत्य हे लाकडासारखं असतं. पाण्यात कितीही खोल दाबा, हात काढला की वर येतं."

तीस वर्षांच्या नोकरीत तपासनीस बाईंनी हे वाक्य शेकडो संस्थांच्या दारात म्हटलं होतं. आजही, नव्या चालकाने थांबवलेल्या गाडीतून उतरताना, चष्मा सारखा करून, त्यांनी ते त्याच गांभीर्याने म्हटलं. समोर उभ्या असलेल्या बकरीने ते पूर्ण ऐकून घेतलं. बकरीच्या मालकाने अदबीने सांगितलं की हा जनावरांचा दवाखाना आहे, प्रशिक्षण संस्था शेजारच्या फाटकात. तिथे सत्याचं काय होतं हे त्याला ठाऊक नव्हतं, पण नळाला पाणी नसतं एवढं नक्की.

शेजारच्या फाटकात प्राचार्य हारतुऱ्यांच्या तयारीनेच उभे होते. त्यांच्या खोलीत पंधरा ढाली, प्लॅस्टिकची धुतलेली फुलं आणि 'प्रत्येक मूल एक तारा' असा फलक होता. चहा आला. त्यावरची साय जुनी होऊन तिचं कातडं झालं होतं. बाईंनी कप बशीसकट दूर सरकवला आणि खोका मागवला.

काम तसं साधं होतं. संस्थेत विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांचा पुस्तकबांधणीचा दोन वर्षांचा वर्ग होता. विद्यार्थी अकरा, वय अठरा ते पंचवीस. प्राचार्य त्यांना 'मुलं' म्हणत, समुपदेशक बाई 'लेकरं' म्हणत आणि वार्षिक अहवालात ते 'लाभार्थी' होत. परीक्षेत प्रत्येकाने साडेतीन तासांत एक वही बांधायची. वही आणि तिची गुणपत्रिका लोखंडी खोक्यात जायची, खोक्याला कुलूप, वर सह्यांची कागदी पट्टी. मग मंडळाच्या तपासनीस बाईंनी येऊन खोका उघडायचा, वह्या पाहायच्या आणि कौशल्य प्रमाणपत्र द्यायचं. परीक्षा गेल्या शुक्रवारी झाली होती. आज बुधवार.

पट्टी शाबूत होती. बाईंनी ती फाडली, कुलूप काढलं, वह्या एकेक करून टेबलावर मांडल्या. मग पुन्हा मोजल्या. मग खोका उलटा करून हलवला.

दहा.

२

नव्हती ती सात क्रमांकाची. वह्यांवर नावं नसतात, नुसते क्रमांक. पण सात म्हणताच प्राचार्यांनी सुस्कारा सोडला. म्हणजे आपली पट्टी, ते म्हणाले. पट्टी हे त्या मुलीचं टोपणनाव, कारण स्टीलची फूटपट्टी तिच्या हातातून झोपेतसुद्धा सुटत नसे. तिला अक्षरं लागत नव्हती, पण मापं लागत होती. प्राचार्यांच्या खोलीत ती एकदाच आली होती, तेव्हा तिने फक्त 'तुमचं टेबल डावीकडे उतरतंय' एवढंच सांगितलं होतं.

गहाळ झालेल्या वहीवर प्राचार्यांकडे उपाय तयार होता. त्यांनी खणातून एक रंगीत कागद काढला. वर फुलपाखरू, खाली 'सहभागाबद्दल'. हे देऊ या तिला, ते म्हणाले, तिला काय फरक कळतोय. बाईंना पाल अंगावर पडल्यासारखं झालं.

फरक कळणारं माणूस बाहेर बाकावर बसलं होतं. पट्टीची मावशी. आईच्या माघारी तिनेच मुलीला वाढवलं होतं आणि आपल्याला कुणी बसा म्हणण्याची वाट न पाहता ती आत येऊन बसली.

"फुलपाखराचे चार कागद आहेत घरी," मावशी म्हणाली. "एकावर मी गरम भांडं ठेवते. बाकीचे तीन अजून कोरे आहेत."

मग तिने जे सांगितलं ते प्राचार्यांनी सांगायचं टाळलं होतं. सरकारी दफ्तरखान्यात जुनी दफ्तरं बांधायची एक जागा होती, विशेष गरजा असलेल्यांसाठी राखीव. तिथल्या साहेबांनी पट्टीचं काम पाहिलं होतं आणि त्यांना तीच हवी होती. पण कागद तो कागद. कौशल्य प्रमाणपत्र आज पाचच्या आत टेबलावर आलं नाही तर यादीतला पुढचा माणूस. पुढच्या माणसाकडे प्रमाणपत्र होतं. बांधणी येत नव्हती, ही गोष्ट वेगळी.

बाईंनी घड्याळ पाहिलं. साडेनऊ. खोक्याची किल्ली कुठे असते, असं त्यांनी विचारलं. माझ्या खणात, प्राचार्य म्हणाले. खणाला कुलूप? प्राचार्य दुखावले. आमच्याकडे विश्वासाचं वातावरण आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं.

आणि कागदी पट्टी? जिथे माणसांना दिवसभर खळ लावायला शिकवतात, तिथे कागदी पट्टीचं सील म्हणजे दुधावर मांजराची राखण. ओलं फडकं फिरवून ती सोडवता येते आणि परत चिकटवता येते. थोडक्यात, चोर इमारतीतलाच कुणीतरी होता आणि कागदावर डाग नव्हता, म्हणजे त्याचे हात स्वच्छ होते.

३

तिघांशी बोलायचं होतं. पहिले प्राचार्य. परीक्षेच्या दिवशी ते गावात नव्हतेच. समावेशनावर भाषण द्यायला गेले होते. वह्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या नव्हत्या. कार्यशाळेत ते जात नाहीत, खळीच्या वासाने डोकं दुखतं. भाषणाची प्रत मात्र त्यांनी बाईंना आग्रहाने दिली. तिच्यावर त्यांचा फोटो होता, हात जोडलेला.

दुसरे बांधणीचे निदेशक. त्यांना सगळे मास्तर म्हणत. अंगठ्याच्या नखात पस्तीस वर्षांची खळ सुकलेली. सातवी वही होती का? होती. कुणी ठेवली खोक्यात? मीच, सगळ्यांत शेवटी, दीड वाजता. कशी होती? मास्तर नखांकडे बघत म्हणाले, सरळ होती, कोपरे काटकोनात, उघडली की सपाट पडत होती. मग कुलूप लावलं, कागदी पट्टी चिकटवली, सह्या झाल्या. एवढं सांगताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

तिसऱ्या समुपदेशक बाई. आवाज असा की कापूससुद्धा खरखरीत वाटावा. त्यांच्या खोलीत उश्या होत्या आणि उश्यांवर हसरे ढग होते. परीक्षेच्या दिवशी मदतनीस म्हणून त्या शेवटपर्यंत हजर होत्या. पट्टीचा विषय निघताच त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला.

"काय सांगू तुम्हाला," त्या म्हणाल्या, "माझ्यासमोर पूर्ण केली लेकराने. पण पुठ्ठे असे वळलेले, होडीच जशी. मला बघवेना. बाकीच्यांच्या वह्या कशा छान सपाट, आणि हिची ती होडी. म्हटलं, पोरीचा पाणउतारा होणार."

त्यानंतर वही पुन्हा पाहिली का? छे, त्या म्हणाल्या, त्यानंतर ती खोक्यात गेली ती गेलीच.

तपासनीस बाई बाहेर येऊन जिन्यात थांबल्या. एक वही, एक टेबल, दुपारचा दीड. एक साक्षीदार म्हणतो सरळ, दुसरी म्हणते होडी. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होतं. बाईंचा संशय साहजिकच मास्तरांवर गेला, कारण खरं बोलणारा माणूस स्वतःच्या नखांशी बोलत नाही. आणि मास्तर काहीतरी लपवत होते यात तर शंकाच नव्हती.

ते काय होतं हे बाईंना पुढच्या दहा मिनिटांत कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

४

त्यांनी खोक्यातल्या दहा वह्या घेऊन खिडकीशी नेल्या. दहाही देखण्या. दहाही सपाट. प्रत्येकीची शेवटची गाठ आतल्या बाजूला, प्रत्येक दोऱ्याचं टोक नखाएवढंच सोडलेलं. दहा वेगवेगळ्या माणसांनी साडेतीन तासांत बांधलेल्या या वह्या एकाच आईची लेकरं शोभत होत्या. गुणपत्रिकेत 'मदत' असा रकाना असतो: हात धरून, सांगून, की स्वतंत्र. दहाही ठिकाणी लिहिलं होतं, स्वतंत्र.

बाई वर्गात गेल्या. चौथ्या क्रमांकाचा विद्यार्थी दारापाशीच बसला होता, तेवीस वर्षांचा, आडदांड, हसतमुख. बाईंनी त्याच्यासमोर कागद ठेवले आणि फर्मा करून दाखवायला सांगितलं. फर्मा म्हणजे आठ कागद एकात एक घालून केलेली घडी. बांधणीची बाराखडी तिथून सुरू होते. विद्यार्थ्याने मोठ्या आनंदाने एक कागद उचलला, चार घड्या घातल्या, कडेला खळ फिरवली आणि बाईंच्या हातात एक लिफाफा ठेवला. सुबक लिफाफा. मग दुसरा. बाईंनी थांबा म्हणेपर्यंत सहा झाले.

पाचव्याने लिफाफा केला. आठवीने लिफाफा केला. अकराव्याने लिफाफा करून त्यावर निमंत्रणाचं लेबलही लावलं. कोपऱ्यात लिफाफ्यांचे गठ्ठे छतापर्यंत गेले होते. संस्थेचे समारंभ महिन्याला तीन होत आणि निमंत्रणं हजारोंनी जात.

"किती दिवस हेच करता?" बाईंनी विचारलं.

"दोन वर्षं," चौथा अभिमानाने म्हणाला. "मी सगळ्यांत फास्ट."

बाईंनी हातातले लिफाफे खाली ठेवले. त्या आजवर लाचखोरांना भेटल्या होत्या, कॉपीबहाद्दरांना भेटल्या होत्या. त्यांचा राग येत असे. हे निराळं होतं. हे बुरशी आलेल्या पावावर साखर पेरल्यासारखं होतं, आणि वर खाणाऱ्याकडून आभारही हवे होते.

कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटी पट्टी बसली होती. तिच्यासमोर लिफाफे नव्हते; मास्तरांचे हात बघून ती बांधणी शिकली होती. मास्तरांनी तिलाही परीक्षेच्या दिवशी तयार वही पुढे केली होती, हे तिने विचारल्यावर सरळ सांगून टाकलं. मग तू काय केलंस, बाईंनी विचारलं.

"परत दिली. माझी नव्हती. दोन मिलिमीटर कमी होती."

बाईंनी घड्याळ पाहिलं. पावणेअकरा. वही गहाळ झाल्यास तपासनीसाने जागेवर फेरपरीक्षा घ्यावी, असा नियम होता. त्यांनी कोरी गुणपत्रिका काढली आणि पट्टीला विचारलं, आता बांधशील का, माझ्यासमोर.

तिने आधी टेबल मोजलं.

५

अकराला सुरुवात झाली. तिघांनाही बाईंनी भिंतीशी खुर्च्यांवर बसवलं. मावशी दारात उभी राहिली. तिला बस म्हणायची कुणाची छाती नव्हती.

पट्टीने फर्मे घातले, प्रत्येकाची घडी फूटपट्टीच्या पाठीने दाबली. भोकं पाडली, मोजून. दोरा घेतला, ताणून पाहिला आणि नापसंत करून दुसरा घेतला. समुपदेशक बाईंनी एकदा 'शाब्बास बाळा' म्हटलं, तेव्हा तिने न बघता सांगितलं की बोलू नका, मी मोजतेय. एकदा मास्तरांचा हात नकळत पुढे आला. तिने तो फूटपट्टीने बाजूला केला, फटका न मारता, जसा टेबलावरचा कागद सरकवावा. बाईंनी 'मदत'च्या रकान्यात 'स्वतंत्र' लिहिलं. तो शब्द त्यांनी आजवर शेकडो वेळा लिहिला असेल. आज तो पहिल्यांदा खरा वाटला.

एक वाजून दहा मिनिटांनी पुठ्ठ्यांना खळ लागली, कापड बसलं, वही पुरी झाली. बाईंनी ती टेबलावर ठेवून कडेने डोळा लावला. सरळ. आरशासारखी. मास्तर शुक्रवारच्या वहीबद्दल खरं बोलले होते, निदान तसं होऊ शकत होतं.

पट्टी वही घेऊन कोपऱ्यातल्या दाबयंत्राकडे निघाली. बाईंनी तिला थांबवलं. नियम चौदा: काम संपताच वही सीलबंद करावी.

"दाबायची असते," पट्टी म्हणाली. "उद्यापर्यंत. ओली आहे."

"नियमात तसं नाही, बाळ."

"मग वाकेल."

बाईंचं पेन कागदावर थांबलं. कधी वाकेल, त्यांनी विचारलं. पट्टीने थोडा विचार केला आणि सांगितलं की जेवण होऊन भांडी घासून झाली की.

बाईंनी वही उचलली, खिडकीत सर्वांना दिसेल अशी ठेवली आणि स्वतः तिच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. कुणीही इथून हलायचं नाही, त्या म्हणाल्या. प्राचार्यांनी जेवणाची आठवण करून दिली. बाईंनी त्यांना त्यांच्या भाषणाची प्रत वाचायला दिली.

६

अडीचपर्यंत काही झालं नाही. तीनला पुठ्ठ्याचा एक कोपरा उचलला, झोपलेल्याने पापणी उघडावी तसा. साडेतीनला दुसरा. चारला वही खिडकीत होडी होऊन बसली होती, शीड लावलं असतं तर चालू लागली असती.

बाई उठल्या आणि सावकाश बोलू लागल्या. खळ ओली असते तोवर पुठ्ठा सरळ. ती सुकू लागली की पुठ्ठ्याला ओढते, आणि दाबात ठेवला नसेल तर तो वळतो. म्हणजे शुक्रवारी दीड वाजता, खोक्यात जाताना, सातवी वही सरळच होती. मास्तर तेच म्हणाले. ती वळली ती कुलपाच्या आत, अंधारात, कुणी बघत नसताना. मग जिने ती होडीसारखी पाहिली, तिने खोका उघडल्याशिवाय पाहिलीच कशी?

सगळ्यांच्या माना उश्यांच्या मालकिणीकडे वळल्या.

समुपदेशक बाईंनी रुमाल काढला, पण या वेळी डोळे कोरडेच निघाले. शनिवारी त्यांनी वह्यांना रिबिनी बांधायला म्हणून खोका उघडला होता. रिबिनी, कारण तपासनीसांना बरं वाटतं. आत दहा सपाट आणि एक वाकलेली; रिबिनी राहूनच गेल्या. वाकलेली वही म्हणजे नापास, असा मंडळाचा नियमच आहे. पोरीला नापास व्हायचं दुःख नको, म्हणून काढून घेतली. दोन दिवस जाड पुस्तकांखाली ठेवून पाहिली, सरळ होईना. शेवटी रद्दीत दिली, गुणपत्रिकेसकट.

"आणि बाकीच्या दहा सरळ कशा राहिल्या," बाईंनी विचारलं, "हा प्रश्न नाही पडला तुम्हाला?"

"पडला ना," त्या कापसाच्या आवाजात म्हणाल्या. "तुम्हालाही पडला असता. म्हणूनच तर."

एवढ्या मऊ आवाजात एवढी घाण गोष्ट बाईंनी ऐकली नव्हती. दहा खोट्या वह्या वाचाव्यात म्हणून एक खरी रद्दीत गेली होती, आणि हे सगळं मायेपोटी. प्राचार्य घाईने म्हणाले की यातलं आपल्याला काहीच माहीत नव्हतं. ते खरं असावं. माहीत करून न घेण्याचं कौशल्य त्यांच्याकडे स्वतंत्र होतं, कुणाच्या मदतीविना.

मग मास्तरांनी पहिल्यांदा मान वर केली.

"तुमचा नियम आहे बाई, संपताच सील करा," ते म्हणाले. "आणि वाकली तर नापास. मग सांगा, कुणाची वही पास होईल? पहिल्या वर्षी मी शिकवलं. जीव ओतून शिकवलं. सगळी मुलं नापास. दुसऱ्या वर्षी मी आठवडाभर आधी बांधून, दाबून ठेवल्या. सगळी पास. तुम्हीच शेरा दिला, उत्कृष्ट. मग शिकवायचं कशाला, म्हणून लिफाफे आले. आठ वर्षं झाली."

कोणता मूर्ख हा नियम काढतो, असं बाईंच्या जिभेवर आलं होतं. भिंतीवर नियम चौदाचं परिपत्रक चौकटीत लावलेलं होतं. खाली सही होती. सही वळणदार, ठसठशीत, आणि त्यांची स्वतःची. आयुष्यात कधी खळीत बोट न घातलेल्या बाईने पंख्याखाली बसून काढलेला नियम. आठ वर्षं त्या येत होत्या, सरळ वह्या पाहून खूश होत होत्या आणि या खोलीत कुणाला काय येतं हे विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं. दिवसभर त्यांना जो कुजका वास येत होता तो खळीचा नव्हता, हे त्यांना आता समजलं; त्याचा थोडा भाग त्यांच्याच पर्समधल्या शिक्क्यातून येत होता.

चार वाजून दहा. गुणपत्रिकेत 'पुठ्ठे सपाट' असा रकाना होता आणि त्यात नाही लिहिलं की बाकी सगळं फुकट. मावशी दारातून पेनाकडे बघत होती. बाईंनी त्या रकान्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: काम निर्दोष. वही वाकली ती दाबायला वेळ न दिल्यामुळे. दोष मंडळाचा, विद्यार्थिनीचा नाही. मग सही, शिक्का. कौशल्य प्रमाणपत्र हाताने लिहिलं. दहा वह्यांवर दहा फुल्या मारल्या आणि खाली टिपण केलं की या दहा जणांना प्रत्यक्ष बांधणी शिकवून सहा महिन्यांनी परीक्षा घ्यावी, दाबायला एक रात्र देऊन. तोवर या इमारतीत एकही लिफाफा होऊ नये. समुपदेशक बाईंचं प्रकरण मंडळाकडे. मास्तरांचंही. तिसऱ्या ओळीत त्यांनी तपासनीस असं लिहिलं आणि खोडलं नाही.

मावशीने कागद घेतला, उजेडात धरून शिक्का पाहिला आणि निघाली. दफ्तरखाना वीस मिनिटांवर होता. तिने पट्टीला हाक मारली. पट्टी म्हणाली, तू हो पुढे, माझं व्हायचंय. मावशी पळतच गेली. पाचला सात कमी असताना कार्यालयात फोन आला: कागद पोचला, साहेबांनी नोंदवून घेतला, उद्यापासून हजर व्हायला सांगितलंय.

तपासनीस बाई खुर्चीत मागे टेकल्या. आता काहीतरी बोलायला हवं होतं. तीन अपराधी समोर होते, चौथी खुर्चीत होती, आणि इतक्या वर्षांत न सुचलेलं एक वाक्य, दयेबद्दल, न्यायाबद्दल, माणसाने माणसाला किती सहज पुसून टाकावं याबद्दल, त्यांच्या ओठांवर जुळून येत होतं. त्यांनी घसा साफ केला. सगळ्यांनी माना वर केल्या.

पट्टी झाडू घेऊन त्यांच्या खुर्चीपाशी आली होती. खाली पुठ्ठ्याची कातरणं आणि दोऱ्याची टोकं पडली होती.

"बाई," ती म्हणाली, "जरा पाय वर घ्या."